कार्ल्सबर्ग कटक, अरबी समुद्राचा तळ आणि मक्रान: सागरी कवच बनतं कसं, बदलतं कसं, संपतं कुठे?

खोलपाणी (धागाकर्ता)

सागरी कवचाचं पुस्तकी चित्र सगळ्यांना पाठ असतं. वर गाळ, खाली उशी-लाव्हा (पाण्यात उशांसारखा थिजलेला), मग उभ्या डाइकांचा थर (भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या भिंती), त्याखाली गॅब्रो (खोलवर सावकाश थिजलेला जाड दाण्यांचा खडक), तळाशी मोहो, म्हणजे कवच आणि प्रावरण यांची सीमा. एकूण जाडी ६-७ किमी. चित्र खोटं नाही, पण ते पूर्व पॅसिफिक उंचवट्याचं आहे, जिथे तळ वर्षाला १० ते १५ सेंमी फाकतो. हिंदी महासागरात हे चित्र जागोजागी फाटतं. कार्ल्सबर्ग कटक (अरबी समुद्राच्या तळावरची, मधून फाकणारी डोंगररांग) वर्षाला साधारण २.२ ते ३.२ सेंमी फाकतो आणि नैर्ऋत्य हिंदी कटक जेमतेम १.४ सेंमी. इतक्या संथ ठिकाणी शिलारस पुरत नाही, उरलेलं काम विभंग (ज्यांवर खडक सरकतात त्या भेगा) करतात. म्हणून हा धागा मुद्दाम आपल्या बाजूच्या समुद्रावर.

आधी शिलारस येतो कुठून ते. कटकाखाली भट्टी वगैरे पेटलेली नसते. प्रावरणाचा खडक (पेरिडोटाइट) घनच असतो आणि घनावस्थेतच संथपणे वर सरकतो. वर येताना तो दर किमीला जेमतेम अर्धा अंश निवतो. त्याचा वितळणबिंदू मात्र दाब उतरल्यामुळे दर किमीला ३-४ अंशांनी खाली येतो. साधारण ६० किमी खोलीवर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि खडकाच्या कणांच्या कडांवर द्रव सुटू लागतो. बाहेरून उष्णता द्यावीच लागत नाही.

आता हिशोब करा. वितळणारा स्तंभ ६० किमीचा आणि त्यातून सरासरी १०% द्रव निघाला, तर कवच ६ किमी. प्रावरण १२-१५ अंशांनी जास्त गरम असेल तर कवच सुमारे १ किमीने जाड होतं. आइसलँडखाली ते २५ किमीच्या पुढे जातं ते यामुळेच. उलट नैर्ऋत्य हिंदी कटकाच्या काही भागांत वरचा थंड पट्ट (प्लेट) इतका जाड आहे की वितळणं लवकर थांबतं. तिथे समुद्रतळावर थेट प्रावरणाचा खडक उघडा पडलेला सापडतो, बेसॉल्ट नाहीच.

विचारा, खोडा, भर घाला.

---

ऑलिव्हिन

छान सुरुवात. डाइकांचा हिशोब मी जोडतो, कारण संथ आणि वेगवान यातला फरक तिथे नीट कळतो.

एक डाइक साधारण १ मीटर रुंद धरा. तळ वर्षाला १० सेंमी फाकत असेल तर ती जागा भरायला १० वर्षांत एक डाइक लागते. पूर्व पॅसिफिकवर ९ अंश ५० मिनिटे उत्तरेला १९९१-९२ आणि पुन्हा २००५-०६ मध्ये उद्रेक झाले, म्हणजे गणित बरंच जुळतं. कार्ल्सबर्गवर २.५ सेंमीच्या दराने तीच जागा तयार व्हायला ४० वर्षं लागतात. एवढ्या काळात वरचं समुद्रपाणी भेगांतून आत शिरून सगळं थंड करून टाकतं. वेगवान कटकाखाली तळापासून दीड-दोन किमीवर शिलारसाचं पातळ भिंग टिकून राहतं, रुंदीला एखाद किमी आणि जाडीला दहा-पन्नास मीटर. संथ कटकाखाली ते कायमचं टिकत नाही. शिलारस लाटेलाटेने येतो, थिजतो, पुन्हा येतो.

परिणाम वर दिसतो. वेगवान कटक म्हणजे फुगलेला उंचवटा. संथ कटक म्हणजे मधोमध १-२ किमी खोल दरी आणि दोन्ही काठांना विभंगांच्या पायऱ्या.

---

कातळमाया

एक शंका. सह्याद्रीचा बेसॉल्ट आणि समुद्रतळाचा बेसॉल्ट हातात घेतला तर सारखाच दिसतो. मग फरक काय? दख्खनचा लाव्हा म्हणजे वर आलेला समुद्रतळ, असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं.

---

ऑलिव्हिन

@कातळमाया, ते फॉरवर्ड खुशाल डिलीट करा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर, खंडीय कवचाच्या भेगांतून आला. खाली ३५-४० किमी जाडीचं जुनं कवच होतं, त्यातून वर येताना काही प्रवाहांनी त्या कवचाचा अंशही उचलला.

हातात घेऊन ओळखायचं तर:

समुद्रतळाचा नमुना बहुधा उशीचा तुकडा असतो. बाहेरून आत बघत चला. सर्वांत बाहेर १-२ सेंमी काळी चकचकीत काच. पाण्याला टेकताक्षणी थिजलेला तो लाव्हा. काचेच्या बाहेरच्या कडेवर नारिंगी-तपकिरी साल, म्हणजे पॅलागोनाइट, पाणी मुरल्याची खूण. काचेच्या आत बारीक गोल दाण्यांचा पट्टा, मग राखाडी दाणेदार गाभा, आणि गाभ्यातून बाहेर धावणाऱ्या त्रिज्येसारख्या चिरा. चिरांत निळसर-हिरवा सेलाडोनाइट किंवा पांढरा कॅल्साइट. पोकळ्या बारीक आणि कमी, कारण ३ किमी पाण्याचा दाब वायूला सुटू देत नाही.

सह्याद्रीत पोकळ्या मोठ्या, त्यांत झिओलाइट (पुणे, नाशिक, जळगावचे स्टिल्बाइट-अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत), आणि दोन प्रवाहांमध्ये लाल मातीचा थर, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे जमीन उघडी असल्याचा पुरावा. समुद्रतळावर असा लाल थर होणार नाही.

रसायनात सर्वांत सोपी खूण पोटॅशियम. ताज्या कटक-बेसॉल्टमध्ये पोटॅशियम ऑक्साइड ०.१-०.२%, टायटॅनियम ऑक्साइड १-१.५%. दख्खनच्या बहुतेक प्रवाहांत दोन्ही याहून जास्त.

---

चुंबकसुई

कार्ल्सबर्गचं नाव निघालंय तर एक गोष्ट नोंदवतो, जी मराठी पुस्तकांत क्वचित येते. समुद्रतळ फाकतो याचा चुंबकीय पुरावा फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये मांडला, तो याच कटकावर १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने केलेल्या मोजणीवर उभा होता. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा तो भाग होता आणि त्याच मोहिमेनंतर १९६६ मध्ये आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जी आता गोव्यात दोना पावलाला आहे. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्यांचा लेख नियतकालिकांनी परत पाठवला.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, त्यामुळे कटकाच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे उमटतात. पट्ट्यांवरून वेग काढायची रीत: अक्षापासून (कटकाची मधली फाकती रेष) शेवटच्या चुंबकीय उलथापालथीच्या सीमेपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि ७.८ लाख वर्षांनी भागायचं. अंतर ९.४ किमी भरलं तर एका बाजूचा वेग वर्षाला १२ मिमी, दोन्ही मिळून २४.

कागदावर सोपं आहे, समुद्रात चुकतं ते असं:

जहाजाची रेघ कटकाला काटकोनात नसेल तर पट्टे रुंद दिसतात. ३० अंशांनी तिरकी गेली तर १५% फुगवटा. आधी दिशा दुरुस्त करायची, मगच भागाकार.

चुंबकमापक जहाजामागे २०० ते ३०० मीटर दोरावर ओढतात. दोर आखूड ठेवला तर जहाजाचं लोखंडच मोजलं जातं, आणि जहाजाची दिशा बदलली की आकडा उडी मारतो.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे चुंबकीय विषुववृत्त. तिथे दुपारी वरच्या वातावरणात पूर्वेकडे वाहणारा तीव्र विद्युतप्रवाह असतो. रोजचा चढउतार १०० नॅनोटेस्लाच्या आसपास किंवा वरही जातो आणि संथ कटकावरचे पट्टे मुळात काही शे नॅनोटेस्लाचे. जवळच्या किनाऱ्यावरच्या वेधशाळेची नोंद वजा केली नाही तर दुपारचे पट्टे आणि रात्रीचे पट्टे जुळत नाहीत. शिवाय विषुववृत्तावर क्षेत्र आडवं असल्याने उत्तर-दक्षिण धावणाऱ्या कटकाचे पट्टे जवळजवळ पुसले जातात. कार्ल्सबर्ग वायव्य-आग्नेय धावतो म्हणून निभावतं.

---

खोलपाणी

@चुंबकसुई, सुरुवातीचा वेगही सांगा ना. आजचा २४ मिमी वाचून लोकांना वाटेल पूर्वीही तेवढाच.

---

चुंबकसुई

सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या मुख्य उद्रेकांमागोमाग. त्यानंतरची काही दशलक्ष वर्षं हाच कटक वर्षाला १० सेंमीच्या पुढे फाकत होता, म्हणजे आजच्या पूर्व पॅसिफिकच्या तोडीचा. भारत आशियाला भिडल्यावर वेग कोसळला. म्हणून अरबी समुद्राच्या तळावर दोन पोताचं कवच आहे. भारताकडच्या जुन्या पट्ट्यात गुळगुळीत, वेगात बनलेलं. अक्षाकडे खडबडीत, विभंगांनी उभं-आडवं कापलेलं. जुन्या पट्ट्यात आणखी एक भानगड आहे. कटकाचे तुकडे एकमेकांच्या प्रदेशात घुसत गेले, त्यामुळे चुंबकीय पट्टे तिरके छाटले गेलेत. वय काढताना दोन रेघांवरचे पट्टे आंधळेपणाने जोडले तर एखादा पट्टा दोनदा मोजला जातो नाहीतर गायबच होतो.

---

गाळकरी

तळाच्या खोलीबद्दल. कवच जसं म्हातारं होतं तसं निवतं, आकसतं, खाली बसतं. ढोबळ सूत्र: खोली (मीटर) = २५०० + ३५० × √वय, वय दशलक्ष वर्षांत. ७-८ कोटी वर्षांपर्यंत हे छान चालतं, पुढे तळ सपाट होत जातो.

अरबी समुद्रात हे सूत्र थेट लावू नका. ६ कोटी वर्षांच्या कवचाला सूत्र ५,२१० मीटर देतं आणि नकाशावर पाणी दिसतं ४,००० मीटरच्या आसपास. लोक लगेच ‘गरम प्रावरण’ शोधायला धावतात. कारण साधं आहे, सिंधू नदीचा गाळ. समजा २ किमी गाळ आहे. गाळाची सरासरी घनता २.०, प्रावरणाची ३.३, समुद्रपाण्याची १.०३. गाळ काढून घेतला तर तळ वर उसळेल, म्हणून पाण्याच्या खोलीत गाळाची सगळी जाडी मिळवायची नाही, (३.३ − २.०) ÷ (३.३ − १.०३) म्हणजे ०.५७ पट मिळवायची. २ किमीचे १,१४५ मीटर. ५,२१० मधून वजा केले की ४,०६५. जुळलं.

घनता कुठली धरता यावर सगळं अवलंबून आहे. २.३ धरली तर गुणक ०.४४ होतो आणि अडीचशे मीटरचा फरक पडतो. जाड गाळाला खालपर्यंत एकच घनता लावणं ही नेहमीची चूक, खालचा गाळ दाबून घट्ट झालेला असतो.

---

ऑलिव्हिन

आता पाण्याचं. माझ्या मते सागरी कवचाची अर्धी कथा पाण्याचीच आहे आणि पुस्तकात तिला एक परिच्छेद मिळतो.

अक्षाजवळ समुद्रपाणी भेगांतून खाली जातं. १५० अंशांच्या वर गेलं की त्यातला सल्फेट ॲनहायड्राइट म्हणून बाहेर पडतो (हे क्षार गरम पाण्यात कमी विरघळतं, साखर-मिठाच्या उलट). आणखी खाली मॅग्नेशियम खडकात जातं, क्लोराइट-स्मेक्टाइट बनतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि खडकातून लोह, तांबं, जस्त उचलतं. शिलारसाच्या भिंगाजवळ ते ४०० अंशांच्या घरात पोचतं आणि झपाट्याने वर येतं. गार पाण्यात मिसळताच सल्फाइडचे काळे कण. तो काळा धूर.

धुराड्याचा काप बघितला तर क्रम दिसतो. सर्वांत आधी बाहेरची ॲनहायड्राइटची भिंत, मग आतून चाल्कोपायराइटचं (तांबं-लोहाचं सल्फाइड) पितळी अस्तर, बाहेरच्या थंड बाजूला स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड). धुराडं विझलं की ॲनहायड्राइट परत विरघळतं आणि डोलारा कोसळतो. म्हणून मृत क्षेत्रात उभी धुराडी कमी आणि ढिगारे जास्त.

नमुना घेताना नेहमी होणारी गोष्ट म्हणजे बाटलीत समुद्रपाणी शिरतं. ते मॅग्नेशियमवरून पकडतात. समुद्रपाण्यात मॅग्नेशियम किलोला ५३ मिलिमोल, शुद्ध उष्णझऱ्यात जवळपास शून्य. नमुन्यात १०.६ भरलं तर २०% भेसळ. सगळ्या मूलद्रव्यांचे आकडे मॅग्नेशियमसमोर मांडून रेष शून्यापर्यंत ओढतात, तोच शुद्ध झऱ्याचा आकडा. एकच नमुना असेल तर रेष काढता येत नाही, म्हणून एका तोंडावर निदान दोन-तीन बाटल्या भरायच्या.

हिंदी महासागरात कैरेई क्षेत्र (तीन कटक जिथे मिळतात त्या रॉड्रिग्ज त्रिसंधीजवळ, सुमारे २,४५० मीटर खोल, ३६० अंश) २००० साली सापडलं. पायावर लोहसल्फाइडचे खवले असलेली गोगलगाय तिथलीच.

---

भूकंपलेखी

कार्ल्सबर्गवर २००३ मध्ये पाण्यात सुमारे ७० किमी लांबीचा उष्ण-ढग नोंदवला गेला होता. एवढा मोठा ढग नेहमीच्या धुराड्यांतून होत नाही, अचानक झालेल्या उद्रेकाची ती खूण मानतात.

भारताचा यात थेट संबंध आहे. मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी कटकांवर १०,००० चौ. किमीमध्ये बहुधातू सल्फाइडच्या शोधाचा करार २०१६ मध्ये झाला, कार्ल्सबर्गसाठी दुसरा सप्टेंबर २०२५ मध्ये. बातम्यांत याला सरसकट ‘खजिना’ म्हणतात. करार शोधाचा आहे, उत्खननाचा नाही.

---

कातळमाया

अक्षापासून लांब गेल्यावर हे पाण्याचं प्रकरण थांबतं का?

---

ऑलिव्हिन

नाही, फक्त थंड होतं. साधारण ६-६.५ कोटी वर्षांपर्यंत कवचातून पाणी फिरतच राहतं, तेवढ्यात गाळ आणि खनिजं भेगा बुजवतात. या थंड फेरीत खडक उलट पोटॅशियम आणि युरेनियम घेतो, चिरांत सेलाडोनाइट, सॅपोनाइट, कॅल्साइट, झिओलाइट साचतात.

प्रयोगशाळेत याचा ताप असा. तापवल्यावर घटणारं वजन ताज्या काचेत अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. २-५% आलं की समजा पाणी मुरलंय आणि पोटॅशियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियमवर विश्वास ठेवू नका. त्या नमुन्यात निओडिमियम, हाफ्नियम, टायटॅनियम, झिर्कोनियम बघा. कडेचा भाग करवतीने कापून टाका, पोकळीभरण हाताने वेचून काढा.

आणि आर्गॉनवरून वय काढायला उशीची काच वापरू नका. पाण्याच्या दाबाखाली झटकन थिजल्याने मूळचा आर्गॉन आतच अडकतो आणि वय खोटं, म्हणजे जास्त येतं. उशीचा दाणेदार गाभा घ्या. पण गाभ्यात मागाहून पोटॅशियम मुरलेलं असेल तर वय कमी येतं. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. प्लाजिओक्लेज वेचून घेणं हा त्यातला बरा मार्ग.

---

खोलपाणी

गॅब्रोपर्यंत खरंच कुणी पोचलंय का, असा प्रश्न व्यनितून आला. थोडक्यात:

१९६१ चा मोहोल प्रकल्प ग्वाडालुपे बेटाजवळ १८३ मीटर उतरला, त्यात बेसॉल्ट फक्त शेवटचे १३-१४ मीटर. १९६६ मध्ये पैसे बंद. पूर्व पॅसिफिकमधलं ५०४बी हे छिद्र १९७९ ते १९९३ टप्प्याटप्प्याने २,१११ मीटर झालं तरी डाइकांतून बाहेर पडलं नाही. १२५६डी छिद्राने २००५ मध्ये, तळाखाली सुमारे १,४०० मीटरवर, अखंड कवचात पहिल्यांदा डाइकांखालचा गॅब्रो गाठला. जागा मुद्दाम अतिवेगाने बनलेल्या कवचाची निवडली होती, कारण तिथे शिलारसाचं भिंग सर्वांत उथळ असणार हे गणित होतं.

आपल्या बाजूला युक्ती वेगळी. नैर्ऋत्य हिंदी कटकाजवळ अटलांटिस बँक नावाचा पठारी भाग आहे, पाणी फक्त ७०० मीटर. लांब सपाट विभंगाने वरचा लाव्हा आणि डाइका केव्हाच सरकवून नेल्यात, गॅब्रो उघडाच आहे. ७३५बी छिद्र १९८७ मध्ये ५०० मीटर आणि १९९७ मध्ये १,५०८ मीटरपर्यंत गेलं, सगळं गॅब्रो, ८५ टक्क्यांहून जास्त गाभा हाती लागला. मग खवळलेल्या समुद्रात छिद्रनळी तुटली, नळ्या आतच राहिल्या आणि ते छिद्र संपलं. २०१५-१६ मध्ये तिथेच शेजारी नवं छिद्र सुरू झालं, ते ८०० मीटरच्या घरात थांबलं.

---

भूकंपलेखी

अटलांटिस बँकमुळे एक वाद जोडतो. भूकंपलहरींनी ‘कवच ५ किमी’ असं सांगितलं की ते सगळं गॅब्रो असतं का? नाही. प्रावरणाच्या खडकात पाणी मुरलं की त्यातल्या ऑलिव्हिन या खनिजाचं सर्पेंटाइन होतं, वजनाच्या १३% पाणी धरतं, घनता ३.३ वरून २.६ वर येते. २०-३०% बदल झालेल्या पेरिडोटाइटमध्ये लहरींचा वेग सेकंदाला सात-सव्वासात किमी येतो. गॅब्रोचाही तोच. म्हणजे लहरींना मोहो दिसतो ती रेष प्रत्यक्षात पाणी जिथवर पोचलं ती असू शकते.

फरक करायचा तर उभ्या (पी) लहरींसोबत आडव्या (एस) लहरीही लागतात. गॅब्रोत उभ्या-आडव्या लहरींच्या वेगांचं गुणोत्तर १.८-१.८५, सर्पेंटाइनमध्ये २ च्या वर. त्यासाठी यंत्र समुद्रतळावर ठेवावं लागतं, कारण आडवी लहर पाण्यातून जात नाही. मऊ गाळावर यंत्र नीट टेकलं नाही तर तीच नोंद सर्वांत खराब येते.

---

गाळकरी

आता शेवट. कोकणासमोरचं हे कवच शेवटी मक्रानखाली (इराण-पाकिस्तानचा किनारा) जातंय ना? १९४५ ची त्सुनामी तिथूनच मुंबईला आली होती.

---

भूकंपलेखी

त्सुनामी बरोबर (नोव्हेंबर १९४५, ८.१ तीव्रता), पण कवच नाही. मक्रानखाली जातं ते अरबी पट्टाचं, ओमानच्या आखातातलं कवच. कोकणासमोरचं कवच भारतीय पट्टावर आहे. दोघांच्या मधे ओवेन विभंगपट्टा आणि मरे कटक आहेत आणि त्यांवर दोन्ही पट्ट वर्षाला जेमतेम ३ मिमी एकमेकांना घासून सरकतात. म्हणजे अरबी समुद्रातलं भारतीय कवच आज कुठेच बुडत नाहीये. भारतीय पट्टाचं बुडणं चालू आहे ते दुसऱ्या टोकाला, अंदमान-सुमात्राखाली.

मक्रान विचित्र आहे. घळ (पट्ट खाली वळतो तिथली खोल सागरी चर) गाळाने भरल्यामुळे नकाशावर दिसतच नाही. समोर ७ किमी गाळ, पट्ट अगदी सपाट कोनात आत जातो, ज्वालामुखी किनाऱ्यापासून शेकडो किमी आत.

सुंदा बाजूला (अंदमान-सुमात्रा-जावा) मात्र नेहमीचा क्रम बघता येतो. पट्ट वाकतो, वरच्या बाजूला ताण येऊन विभंग उघडतात, त्यांतून समुद्रपाणी पार प्रावरणापर्यंत जातं. वरचा गाळ बराचसा खरवडला जाऊन पाचरीत साचतो. खाली जाताना बेसॉल्टचं आधी निळ्या ॲम्फिबोलचं शिस्ट आणि ५०-६० किमीच्या पुढे एक्लोजाइट होतं. घनता ३.० वरून ३.४-३.५, म्हणजे भोवतीच्या प्रावरणापेक्षा जड. इथून पुढे पट्टाला ढकलावं लागत नाही, तोच मागच्याला ओढतो. क्लोराइट, ॲम्फिबोल, सर्पेंटाइन पाणी सोडतात, ते वरच्या प्रावरणात जातं, वितळणबिंदू काही शे अंशांनी उतरतो. पट्ट सुमारे १०० किमी खोल असतो तिथे बरोब्बर वर ज्वालामुखींची रांग. बॅरन बेट त्यातलंच, भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी.

भूकंपांवरून पट्ट कुठवर गेलाय ते कळतं. जावाखाली ६०० किमीच्या पुढे, अंदमानखाली फार तर २००-२५० किमी.

---

ऑलिव्हिन

आणि बुडण्याआधीही तो शांत नसतो. ११ एप्रिल २०१२ चा ८.६ तीव्रतेचा भूकंप सुमात्राच्या घळीत नव्हता, घळीबाहेर, सागरी पट्टाच्या पोटात होता. कटकावर जन्मताना तयार झालेले विभंग त्यात पुन्हा सरकले. दोन तासांत ८.२ चा दुसरा. सरक आडवी असल्याने मोठी त्सुनामी आली नाही. जुन्या विभंगांना ‘मृत’ म्हणताना हा आकडा आठवावा.

---

कातळमाया

बुडायच्या ऐवजी जमिनीवर चढलेलं कवच ओमानमध्ये आहे असं वाचलं होतं. तिथे ७३५बी सारखी कसरत न करता सगळे थर पायी बघता येतात म्हणतात.

---

ऑलिव्हिन

समाइल ओफिओलाइट. सुमारे ५०० किमी लांब, वय ९.५ कोटी वर्षांच्या आसपास. डाइका, गॅब्रो, मोहो, हार्झबर्गाइट (प्रावरणाचा खडक) सगळं वाळवंटात उघडं. आपल्याकडे लडाखात निडार, मणिपूर-नागालँड पट्टा आणि अंदमान बेटं. फक्त एक सावधगिरी: यातले बरेच तुकडे मध्यसागरी कटकावर नव्हे, बुडत्या पट्टाच्या वर बनलेत, त्यामुळे त्यांच्या लाव्हात पाण्याची आणि बुडालेल्या गाळाची सही असते. समाइलबद्दलही हा वाद आहे. ओमानचा गॅब्रो बघून कार्ल्सबर्गच्या पोटात काय असेल ते सांगणं म्हणजे वेगवान कटकाचं चित्र पुन्हा संथ कटकावर चिकटवणं.

---

गाळकरी

मुंबईच्या नैर्ऋत्येला लक्ष्मी खोरं आहे, त्याचं काय? सागरी की खंडीय? २०१५ मध्ये तिथे खणलं होतं.

---

चुंबकसुई

हो, ३५५ वी मोहीम, ‘जॉइडीज रिझोल्यूशन’ जहाज. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे दोन प्रमुख शास्त्रज्ञ. यू१४५७ जागेवर सुमारे १,१०० मीटर गाळाखाली बेसॉल्ट लागला.

पण बेसॉल्ट लागला म्हणून सागरी कवच सिद्ध होत नाही. ताणलेल्या खंडीय कवचावरही लाव्हा पसरतो. सागरी म्हणणाऱ्यांचा आधार: खोऱ्याच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जुळणारे चुंबकीय पट्टे आणि मधोमध पणिक्कर, रामन, वाडिया हे समुद्रपर्वत, जणू थांबलेल्या कटकावर बसलेले. खंडीय म्हणणाऱ्यांचा आधार: समुद्राकडे कललेले लाव्हाथर, जे फाटत्या खंडकाठावर मिळतात. पलीकडची लक्ष्मी रांग पातळ खंडीय तुकडा आहे यावर बऱ्यापैकी एकमत आहे. मिळालेल्या बेसॉल्टच्या रसायनात बुडत्या पट्टासारखी सही निघाली, त्याने गुंता वाढला.

माझा कौल सागरीकडे, पण पट्ट्यांची संख्या इतकी कमी आहे की काळाच्या पट्टीवर ते दोन-तीन ठिकाणी बसवता येतात. खोऱ्याला आडव्या दोन रेघांवर तळ-भूकंपमापकं टाकून आडव्या लहरींसकट खालच्या कवचाचा वेग काढला तर निकाल लागू शकेल: गॅब्रो असेल तर सेकंदाला ६.७ ते ७.२ किमी, ताणलेलं खंडीय असेल तर मधल्या कवचात ६.० ते ६.५ चा पट्टा उरलेला दिसला पाहिजे. जाड लाव्हाखाली हा कमी वेगाचा पट्टा लपतो, म्हणून यंत्रांमधलं अंतर १० किमीच्या आत ठेवावं लागेल.